नक्श-ए-जहान : इस्फहानचे मैदान आणि त्याभोवतीच्या इमारती

इराणच्या मध्य भागात, झाग्रोस पर्वतरांगांच्या पूर्वेस, झायंदे नदीच्या काठी वसलेल्या इस्फहान शहराच्या मधोमध सुमारे 560 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद असे एक आयताकृती मैदान असून ते चारही बाजूंनी दुमजली कमानींच्या सलग ओळीने वेढलेले आहे. या ओळीत फक्त चार ठिकाणी खंड पडतो : उत्तरेला बाजाराचा दरवाजा, पश्चिमेला राजवाड्याचे प्रवेशद्वार, पूर्वेला एक लहान मशीद आणि दक्षिणेला एक प्रचंड मशीद. बाकी सर्वत्र तीच कमान, तेच अंतर आणि तीच उंची. जगातील बहुतेक नामांकित चौक शतकानुशतके थोडेथोडे घडत गेले, त्यांच्या भोवतीच्या इमारती वेगवेगळ्या काळांतल्या आणि वेगवेगळ्या मालकांच्या असतात. इस्फहानचे मैदान मात्र मुख्यतः एका राजाच्या हयातीत, एका आराखड्यानुसार उभे राहिले आणि त्यात मूळ रचना ही मोकळ्या जागेची आहे, इमारती तिच्या कडेला बसवलेल्या आहेत. हे ध्यानात ठेवले नाही, तर येथील मशिदी स्वतंत्रपणे सुंदर वाटतात, पण त्या आहेत तशा का बांधल्या याचा उलगडा होत नाही.

हा राजा म्हणजे सफवी घराण्यातील शाह अब्बास पहिला. तो गादीवर आला तेव्हा इराणच्या पश्चिमेकडचा मोठा मुलूख उस्मानी तुर्कांनी आणि ईशान्येकडचा खुरासान उझबेकांनी बळकावला होता, आणि खुद्द दरबारात किझिलबाश म्हणजे लाल टोपीवाल्या तुर्कमान सरदारांचा वरचष्मा होता. सफवींची पहिली राजधानी तबरीझ तुर्की सरहद्दीच्या फार जवळ असल्याने शाह तहमास्पने 16व्या शतकाच्या मध्यात ती कझवीनला हलवली होती, अब्बासने 1598 च्या सुमारास ती आणखी आत, इस्फहानला आणली. सरहद्दीपासूनचे सुरक्षित अंतर, नदीचे पाणी, सभोवतालची सुपीक शेती आणि पर्शियन आखाताकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटा ही कारणे उघडच होती, परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक कारण संभवते. जुन्या सरदारांचे वर्चस्व मोडून नवे सैन्य आणि नवे प्रशासन उभारणाऱ्या राजाला त्या व्यवस्थेसाठी नवी जागाही हवी होती.

इस्फहान तेव्हा काही ओसाड गाव नव्हते. सेल्जुक सुलतानांच्या काळात, 11व्या आणि 12व्या शतकांत, ते राजधानीचे शहर होते, आणि त्या काळची जुम्मा मशीद, तिच्याजवळचे जुने मैदान व त्याला लागून असलेला बाजार यांच्याभोवती शहराचा सारा व्यवहार चालत असे. अब्बासने या गजबजलेल्या जुन्या भागाला हात न लावता त्याच्या नैर्ऋत्येला, नक्श-ए-जहान म्हणजे ‘जगाचे चित्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बागेच्या परिसरात, नवे मैदान आखले. काम टप्प्याटप्प्याने झाले. प्रथम 1590 च्या आसपास घोड्यावरचे खेळ आणि संचलने यांसाठी जमीन सपाट केली गेली, आणि 1602 पासून तिच्या कडेने दुकानांच्या ओळी व मोठ्या इमारती उभ्या राहू लागल्या. मैदानाकडे तोंड असलेल्या दुकानांच्या मागे आच्छादलेली गल्ली आणि तिच्या पलीकडे पुन्हा दुकाने, अशी ही दुहेरी मांडणी आजही पाहता येते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी मैदान ओस पडलेले असताना या मागच्या गल्लीत गारवा आणि गिऱ्हाईक दोन्ही असतात.

दुकानांचे अर्थकारण या रचनेचा कणा होते. जुन्या मैदानातला व्यापार नव्याकडे वळवायचा, तर भाडेकरूंना आकर्षित करणे भाग होते, आणि आलेल्या भाड्याचा विनियोग कसा करायचा हेही ठरवणे भाग होते. अब्बासने मैदानाभोवतीची दुकाने आणि सराई, म्हणजे प्रवासी व्यापाऱ्यांच्या मुक्कामाची व मालाच्या साठवणीची जागा, धार्मिक कारणांसाठी वक्फ करून दिली. वक्फ म्हणजे मूळ मालमत्ता कायमची अविक्रीय ठेवून तिचे उत्पन्न एखाद्या धर्मकार्याला लावून देणे. आपल्याकडच्या देवस्थान इनामाशी त्याचे साम्य असले, तरी येथे इनाम देणारा राजा स्वतःच त्या वक्फाचा व्यवस्थापक राहिला. मिळकत राजाच्या खासगीतून निघून देवाच्या नावावर गेली, तरी तिच्यावरची देखरेख राजघराण्याकडेच राहिली, ही गोष्ट अब्बासच्या व्यवहारबुद्धीची साक्ष देते.

17व्या शतकात हे मैदान आजच्यासारखे हिरवळ आणि कारंज्यांचे नव्हते. मधला भाग वाळू आणि खडीने सारवलेला, कडेने पाण्याचा पाट आणि सावलीसाठी झाडे, असे त्याचे रूप होते. चौगान म्हणजे घोड्यावरून खेळायचा पोलो हा सफवी दरबाराचा आवडता खेळ. त्याच्या गोलाच्या खुणा म्हणून रोवलेले दगडी खांब मैदानाच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना अजून उभे आहेत. मध्यभागी एक उंच काठी असे, तिच्या टोकावर ठेवलेल्या निशाणावर स्वाराने भरधाव जाता जाता मागे वळून बाण सोडायचा, हा दुसरा खेळ. राजाचा कार्यक्रम नसेल तेव्हा याच जागेत फेरीवाल्यांचे तंबू, फळांचे ढीग, जुने कपडे आणि लोखंडी सामान विकणारे, डोंबारी, पहिलवान आणि गोष्टी सांगणारे कथेकरी यांची गर्दी असे. फ्रेंच जवाहिऱ्या झां शार्दां याने 1660 आणि 1670 च्या दशकांतल्या आपल्या वास्तव्यात हे सर्व बारकाईने टिपून ठेवले आहे. त्याच्या आधी 1617 मध्ये आलेल्या पिएत्रो देल्ला वाल्ले या रोमच्या उमरावाने तर आपल्या शहरातील प्रसिद्ध पिआत्सा नाव्होनापेक्षाही हे मैदान सरस ठरवले. स्वतःच्या गावाविषयी रोमन माणसाने दिलेला हा कौल म्हणून त्याचे मोल अधिक आहे.

उत्तर टोकाच्या दरवाजाला कैसरिये म्हणतात. त्यातून आत शिरले की शाही बाजार सुरू होतो. रेशीम आणि उंची कापड येथे विकले जाई, शेजारी टांकसाळ होती. दरवाजाच्या माथ्यावर, कमानीच्या दोन्ही अंगांना, अर्धा मनुष्य आणि अर्धा पशू असा धनुर्धारी टाइलमध्ये रेखाटलेला आहे. ती धनू रास असून इस्फहान शहर त्या राशीवर वसले अशी समजूत होती. कमानीच्या आत अब्बासच्या उझबेकांशी झालेल्या लढाईचे चित्र आहे, ते आता बरेच पुसट झाले आहे. वरच्या सज्ज्यांत नगारखाना होता आणि सूर्यास्ताला तेथून नगारे आणि लांब कर्णे वाजत.

या दरवाजाशी गोव्याचा थेट संबंध आहे. पर्शियन आखाताच्या मुखाशी असलेले होर्मुझ बेट 1515 पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. 1602 मध्ये गोव्याहून निघालेले ऑगस्टिनियन पंथाचे पाद्री अब्बासच्या दरबारात पोहोचले, त्यांत आंतोनियो द गौव्हेया हा प्रमुख होता, आणि त्यांना इस्फहानमध्ये मठ स्थापन करण्याची परवानगीही मिळाली. तुर्कांविरुद्ध युरोपीय मित्र हवे असलेल्या शाहला पाद्री चालत होते, परंतु आखाताच्या व्यापारावरची पोर्तुगीज पकड चालत नव्हती. 1622 मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची मदत घेऊन त्याच्या सैन्याने होर्मुझ जिंकले. तेथल्या तोफा राजवाड्यासमोर मांडण्यात आल्या आणि तेथल्या मठातील एक घंटा कैसरिये दरवाजावर टांगण्यात आली, असे युरोपीय प्रवाशांनी नोंदवले आहे. आज या वस्तू तेथे नाहीत. गोव्याशी आणखी एक नाते आहे : जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्मांतरास नकार दिल्यामुळे 1624 मध्ये शिराझ येथे याच अब्बासच्या आज्ञेने तिचा छळ करून वध करण्यात आला, आणि तिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तेथील उत्खननात ते सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची जनुकीय तपासणी झाली, आणि 2021 मध्ये भारताने त्यांतील एक अवशेष जॉर्जियाला भेट दिला. त्या मठाचा, म्हणजे सेंट ऑगस्टिनचा, पडका मनोरा पाहणाऱ्या पर्यटकाला इस्फहानशी असलेले हे नाते क्वचितच सांगितले जाते.

पश्चिमेकडील आली कापू, म्हणजे ‘उंच दरवाजा’, ही इमारत मुळात राजवाड्याच्या बागांकडे नेणारे प्रवेशद्वार होती. पुढे तिच्यावर मजले चढत गेले आणि ती सहा मजली झाली. समोरच्या बाजूला 18 लाकडी खांबांवर तोललेला प्रशस्त सज्जा आहे, त्याला फारसीत तालार म्हणतात. तो अब्बासच्या मृत्यूनंतर, 1640 च्या दशकात जोडला गेला. सज्ज्याच्या मधोमध तांब्याच्या पत्र्याने मढवलेला हौद आहे, आणि तेथे बसून राजा व त्याचे पाहुणे खालचे खेळ पाहत. सर्वांत वरच्या मजल्यावरील संगीतकक्षाच्या भिंती आणि छत यांत सुरया, फुलदाण्या आणि पेले यांच्या आकृतींची पोकळ कोरीव कामे आहेत. ती जाड दगडातून कोरलेली नसून भिंतीपासून काही अंतरावर उभारलेल्या जिप्समच्या पातळ पडद्यांतून कापलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक आकृतीमागे पोकळी राहते आणि गाण्याचा घुमारा कमी होतो असे मानतात. दरवाजाचा उंबरठा पवित्र समजला जाई, त्यावर पाय देणे निषिद्ध होते, आणि त्याचा आश्रय घेतलेल्या गुन्हेगाराला राजाच्या आज्ञेवाचून कोणी पकडत नसे. 1960 आणि 1970 च्या दशकांत इटालियन तज्ज्ञांनी इराणी कारागिरांच्या साहाय्याने या इमारतीची दुरुस्ती केली, तिला 1980 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

आली कापूच्या बरोबर समोर, मैदानाच्या पलीकडे, शेख लुत्फुल्लाह मशीद आहे. तिला मिनार नाहीत आणि अंगणही नाही, कारण ती सार्वजनिक नमाजासाठी नसून दरबाराच्या खासगी उपासनेसाठी बांधली होती. शेख लुत्फुल्लाह हा आजच्या लेबनॉनमधील जबल आमिल या प्रदेशातून आलेला शिया धर्मपंडित. सफवींनी शिया पंथ हा राज्याचा धर्म केल्यावर तो शिकवण्यासाठी असे अनेक विद्वान बाहेरून बोलावले होते. हीच लाट दख्खनपर्यंतही आली होती, इराणहून आलेल्या शाह ताहिरच्या प्रभावाने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहने 1537 मध्ये शिया पंथ स्वीकारला होता. मशिदीचे काम 1602-03 मध्ये सुरू होऊन 1619 च्या सुमारास पूर्ण झाले. मिहराबवर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर, मुहम्मद रझा या इस्फहानी उस्तादाचे नाव कोरलेले असून मोठे शिलालेख अली रझा अब्बासी या दरबारी सुलेखनकाराचे आहेत.

येथेच आराखड्यातील मूळ अडचण समोर येते. मैदानाची लांबी साधारण उत्तर-दक्षिण आहे, तर इस्फहानहून मक्का नैर्ऋत्येस येते, म्हणजे मैदानाच्या कडेशी सरळ रेषेत बांधलेली मशीद मक्केकडे तोंड करू शकत नाही. स्थपतीने दर्शनी भाग मैदानाच्या शिस्तीत ठेवला आणि आतला चौरस दालनाचा भाग सुमारे 45 अंशांनी फिरवला. या दोहोंना जोडणारी एक अंधारी बोळ आहे, ती वळण घेऊन दालनाच्या मागच्या बाजूने आत सोडते. जुन्या मराठी वाड्याच्या देवडीत शिरल्यावर जसे वळल्याशिवाय चौक दिसत नाही, तसेच येथे घुमटाखाली पोहोचेपर्यंत आतल्या भव्यतेची कल्पना येत नाही. बाहेरून पाहता घुमट दरवाजाच्या मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेला आहे, आणि पहिल्या नजरेत ही चूक वाटते. परंतु घुमट मध्यावर असता तर उंच कमानीमागे त्याचा बराचसा भाग झाकला गेला असता.

हा घुमट इराणमधील इतर निळ्या घुमटांपेक्षा वेगळा आहे. त्याची पार्श्वभूमी मातकट साईच्या रंगाची, बिनझिलईची, आणि तिच्यावर पांढऱ्या व निळ्या झिलईच्या वेलबुट्टीची नक्षी पसरलेली आहे, त्यामुळे प्रकाश बदलतो तसा त्याचा रंग सकाळी फिकट आणि सायंकाळी गुलाबी भासतो. आतल्या बाजूस चौरस दालनाच्या कोपऱ्यांवर मोठ्या कमानी टाकून आधी अष्टकोन साधला आहे, त्यावर जाळीदार खिडक्यांचे कडे आणि त्याच्याही वर घुमट. कमानींच्या कडांना पिळलेल्या दोरासारख्या फिरोजी टाइलच्या पट्ट्या आहेत. घुमटाच्या आतील लिंबाच्या आकाराची पदके मध्याकडे जाताना लहान लहान होत जातात, आणि खिडकीतून आलेली तिरीप मध्यबिंदूवर पडते तेव्हा तेथे पिसारा फुलवलेल्या मोराचा आकार दिसतो. राजवाड्यातून या मशिदीकडे स्त्रियांसाठी भुयारी मार्ग होता अशी कथा वाटाडे हमखास सांगतात, तिला भक्कम पुराव्याचा आधार नाही. मशीद आकाराने लहान असली, तरी नक्श-ए-जहानवरील इमारतींत पहिला मान तिलाच द्यावा लागतो.

दक्षिणेकडील शाही मशिदीचे काम 1611 मध्ये सुरू झाले. तिच्या सुमारे 27 मीटर उंचीच्या प्रवेशद्वारावरील लेखात 1616 हे साल येते, आणि 1629 मध्ये अब्बास मरण पावला तेव्हाही आतले काही काम शिल्लक होते. दर्शनी भाग उत्तराभिमुख असल्याने त्यावर थेट ऊन क्वचितच पडते, म्हणून त्याच्या निळ्या रंगाला एक गडद थंडपणा आहे. येथेही प्रवेशद्वारानंतर मशीद 45 अंशांनी वळते, पण येथे हे वळण लपवलेले नाही : ते मोठ्या अंगणात उघडते, अंगणाच्या मधोमध हौद आहे आणि चारही बाजूंना ऐवान, म्हणजे एका अंगाने पूर्ण उघडे असलेले उंच कमानदार दालन आहे.

येथील टाइलकामात राजाची घाई दिसते. प्रवेशद्वारावरचे काम जुन्या मुअर्रक पद्धतीचे आहे. तीत प्रत्येक रंगाची टाइल वेगळी भाजून, तिचे बारीक तुकडे कापून ते चित्राप्रमाणे जुळवतात. हे काम टिकाऊ आणि अत्यंत तेजस्वी असते, पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही फार लागतात. आत मात्र बहुतेक भिंती हफ्त-रंगी म्हणजे सप्तरंगी पद्धतीच्या चौकोनी टाइलनी मढवल्या आहेत. या पद्धतीत एकाच टाइलवर सर्व रंग भरून ती एकदाच भाजतात. प्रत्येक रंगाला लागणारे उष्णतामान वेगळे असल्याने एकाच भाजणीत सगळे रंग सारखे खुलत नाहीत, आणि जवळून पाहिल्यास हा फरक लपत नाही. विस्तीर्ण पृष्ठभाग थोड्या काळात झाकण्याचा दुसरा मार्ग नव्हता, हेही खरे.

मुख्य घुमट दुहेरी आहे. बाहेरचा सुमारे 52 मीटर उंच, आतला सुमारे 38 मीटर, आणि दोहोंमध्ये पोकळी. बाहेरच्या कवचाने मैदानातून दिसणारा डौल साधला, आतल्याने दालनाचे प्रमाण राखले. घुमटाच्या मध्याखाली जमिनीत बसवलेल्या दगडावर उभे राहून टाळी वाजवली की ती अनेकदा प्रतिध्वनित होते, कारण आतल्या वक्र पृष्ठभागावरून परतणारा आवाज पुन्हा त्याच ठिकाणी एकवटतो. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात इमामाचा आवाज मोठ्या समुदायापर्यंत पोहोचवण्यास याचा उपयोग होत असणार. आता तेथे पर्यटकांची टाळ्यांसाठी रांग लागते.

1722 मध्ये अफगाण सैन्याने अनेक महिने वेढा देऊन शहर उपासमारीने जेरीस आणले आणि सफवी राज्य कोसळले. पुढे काजार राजांनी तेहरानला राजधानी केल्यावर इस्फहान मागे पडले, मैदानाभोवतीच्या दुकानांची पडझड झाली. मधला हौद आणि हिरवळ ही 20व्या शतकातील, पहलवी राजवटीची भर आहे. तिने मैदान रमणीय झाले, पण त्याचा क्रीडांगणाचा स्वभाव पुसला गेला. शाह मैदान हे नाव 1979 च्या क्रांतीनंतर इमाम मैदान झाले आणि त्याच वर्षी युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. लोकांच्या तोंडी नक्श-ए-जहान हेच जुने नाव रूढ आहे. मैदानाच्या आसमंतात उभारलेल्या जहाननुमा या उंच व्यापारी संकुलाने क्षितिजरेषा बिघडते म्हणून युनेस्कोने हरकत घेतली, तेव्हा त्याचे वरचे मजले पाडावे लागले. आजचे संकट मात्र डोळ्यांना दिसणारे नाही. झायंदे नदीचे पात्र शहरात वर्षातला बराच काळ कोरडे असते, भूजलाचा उपसा वाढल्याने जमीन खचत आहे, आणि या खचण्याची झळ ऐतिहासिक इमारतींनाही बसू लागली आहे.

पाहण्याच्या दृष्टीने दोन गोष्टी उपयोगी पडतात. आली कापूचा दर्शनी भाग पूर्वाभिमुख असल्याने तो सकाळच्या उन्हात, आणि लुत्फुल्लाह मशिदीचा पश्चिमाभिमुख असल्याने तो तिसऱ्या प्रहरानंतर पाहावा. आली कापूच्या मागे थोड्या अंतरावरील चेहेल सोतून या महालातील भित्तिचित्रांत शाह तहमास्पने हुमायूनचे केलेले स्वागत आणि 1739 ची कर्नालची लढाई रंगवलेली आहे, भारतीय प्रवाशाने ती चुकवू नयेत. कमानींखालच्या दुकानांत तांब्यावरचे ठोककाम, मीनाकारी आणि लाकडी ठशांनी छापलेले कलमकारी कापड मिळते. अनेक ठिकाणी कारागीर तेथेच बसून काम करतात, म्हणून विकत घेण्याआधी काम पाहता येते. पर्यटकांच्या मोटारी प्रवाशांना मैदानाच्या कडेलाच उतरवतात, तो मार्ग सोयीचा असला तरी निवडू नये. जुम्मा मशिदीपासून निघून सुमारे दोन किलोमीटरच्या आच्छादित बाजारातून चालत, कैसरिये दरवाजातून मैदानात उतरावे. अब्बासच्या काळी जुन्या शहरातील व्यापारी याच वाटेने येत, आणि अरुंद, अंधाऱ्या गल्लीतून एकदम अर्ध्या किलोमीटरहून लांब मोकळ्या जागेत पाऊल पडले की दक्षिण टोकाच्या निळ्या घुमटाचे प्रमाण नेमके कोणासाठी आणि कोठून आखले होते, हे कळते.